बांगड्यांखालचे चाकू

“खाली ठेवा, मामा!” शालन ओरडली, आणि कासारमामांनी उघडलेला चाकू खाली फरशीवर ठेवला.

माझा पदर आमच्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला होता. त्याचा पीळ माझ्या गळ्याला बसला होता आणि पुढचं टोक पुलीवर गुंडाळत चाललं होतं. एक हात मी पीळ आणि गळा यांच्यामध्ये घातला होता, दुसऱ्या हातानं जात्याचा लोखंडी पाय धरला होता. लुगडं इचलकरंजीचं. फाटणार नाही म्हणून दुकानदारानं दिलं होतं, ते फाटत नव्हतं.

शालन माझी सून. ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. मामा पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, दाराकडे. मध्ये पट्टा पळत होता. मामांनी त्या पळत्या पट्ट्यावरून हात लांब करून चाकू तिच्यासमोर धरला होता. तिनं तो घ्यायचा आणि पदरावर ओढायचा, एवढंच काम. तिनं हात मागं घेतला आणि म्हणाली, खाली ठेवा. पोर होती, घाबरली होती, तोंडात आलं ते बोलली. पण मामा वाकले. गुडघ्यावर एक हात टेकून, नेहमी वाकायचे तसेच वाकले, आणि चाकू खाली ठेवला. माझा जीव चाललेला डोळ्यांनी दिसत असताना ठेवला.

फरशी इंजिनानं थरथरत होती, वर पीठ सांडलेलं. चाकू जागेवर राहिला नाही. सरकत सरकत पट्ट्याखाली गेला.

मी हे बघितलं. इतकी वर्षं झाली, पण भाकरी थापताना मध्येच ते दिसतं आणि माझा हात थांबतो. लोक म्हणतात, बाई, तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर नसेल. होतं. गळा आवळला की माणसाला फार स्वच्छ दिसतं.

असं कसं केलं त्यांनी, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी आधी तो माणूस सांगायला पाहिजे.

साताऱ्याकडची बाई असाल तर तुमच्याही आळीत कासार येऊन बसला असेल. आमचे मामा कोरेगावच्या बाजूनं सुरुवात करायचे आणि गावं घेत घेत तासगावपर्यंत जायचे. कुठं एसटी, कुठं कुणाची बैलगाडी, बाकी पायी. उंच, हडकुळे, डोक्यावर बांगड्यांची पेटी, त्यामुळे मान कायम ताठ. पेटी उतरवली तरी मान तशीच. माझा नवरा म्हणायचा, “मामा देवाच्या पाया पडतानाबी वरच बगत्यात.”

बांगडी भरण्याआधी ते ती दुसऱ्या बांगडीवर हलकेच वाजवून कानाशी धरत. बारीक तडा असला की काच बद्द वाजते. ती बांगडी बाजूला. “बोलती का बगतो,” म्हणायचे. एखादी बाई चिडायची.

“आवं मामा, बांगड्या भरायच्यात, गाणं न्हाई ऐकायचं.”

“मुकी बांगडी घालून जाशील आन् चुलीपुढं फुटंल. मग शिव्या मलाच.”

परक्या पुरुषानं बाईचा हात चारचौघांत धरायचा आणि सासूनं शेजारी बसून रंग निवडायचे, हा मान गावात एकट्या कासाराचा. मी लग्न होऊन आले तेव्हा माझाही हात त्यांनी धरला होता. शेतात काम केलेला राठ हात, हाडं रुंद. बांगडी चढेना. त्यांनी माझी बोटं जुळवली, अंगठ्याखालचा भाग कणकेसारखा दाबला आणि म्हणाले, “हात सैल सोड, पोरी. हात तुजा न्हाईच, असं समज.” मला हसू आलं. हसले तशी बांगडी आत गेली. हे ते सगळ्यांनाच सांगायचे. नव्या नवरीला, म्हातारीला, रडणाऱ्या पोरीला. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईच्या कानावर हे शब्द पडले की तिचा हात आपोआप सैल पडायचा.

आता पेटीच्या तळाचं सांगते. वर बांगड्या, खाली जुन्या धोतराची फडकी आणि त्या फडक्यांत चाकू. सगळे मिटायचे, खिशात राहणारे, आणि सगळे जुने. कुणाच्या आजानं मुंबईहून आणलेला, कुणी बोरू तासायला वापरलेला करंगळीएवढा, कुणी लोहाराकडून करून घेतलेला म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. महायुद्धाला गेलेल्यांनी आणलेले लष्करी चाकू तर साताऱ्याकडे गावोगाव होते. एका बाजूला जाड पातं, दुसऱ्या बाजूला दाभण आणि शेपटाला दोरी ओवायची कडी. आटपाडीकडच्या एका धनगराच्या चाकूसाठी मामांनी त्याची मेंढरं दिवसभर वळली होती. धनगरानं संध्याकाळी चाकू दिला आणि वर म्हणाला, “मामा, तुमी बांगड्याच इका.”

चाकू मिळाला की मामा आधी तो बघायचे नाहीत. कानाशी न्यायचे. पातं अर्धं उघडायचे, थांबायचे, मग पुरतं. आत कमान असते, ती पात्याला धरते. तिचा आवाज व्हायचा, कट्. मग मिटायचे. पुन्हा कट्. डोळे झाकलेले. म्हणायचे, “उगडताना सगळेच बोलत्यात. मिटताना बोलतो त्यो चांगल्या हातातला.” नवा चाकू कुणी पुढं केला तर मिरची चावल्यासारखं तोंड करायचे. “ह्यो? ह्यो काल जन्मलाय. ह्याला बोलायचं कुटं कळतंय अजून?”

आणि चाकू कधी कुणाच्या हातातून घ्यायचे नाहीत. हातात हात चाकू दिला की देणाऱ्या-घेणाऱ्यात वाकडं येतं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. मिरचीचंही तसंच. पण कामाच्या घाईत कोण बघतं? मामा बघायचे. “चाकू खाली, बांगडी हातात,” हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पोरं त्यांची नक्कल करायची.

तासगावच्या स्टँडवर एकदा पोलिसानं त्यांची पेटी उघडायला लावली. हे मामांनीच सांगितलं, तेव्हा थोडं कमी करून घ्या. बांगड्यांखाली एवढे चाकू बघून पोलीस म्हणाला, “बांगड्या इकतोस का मुडदे पाडतोस रं?”

“दोनी कामाला हात लागतो सायेब. पर माजा बांगडीलाच सवकलाय.”

पोलिसानं एक चाकू उचलला, उलटासुलटा बघितला आणि परत केला. “घे.”

“खाली ठेवा, सायेब.”

“काय म्हनलास?”

“खाली ठेवा. तुमचं-माजं वाकडं यायला नगं.”

सगळा स्टँड हसला. आणि पोलिसानं खाली वाकून चाकू ठेवला. पुढच्या फेरीला त्याच पोलिसानं आपल्या बापाचा चाकू घरनं आणून मामांच्या पुढ्यात ठेवला. न सांगता, खाली.

माझ्या माहेरी एक म्हातारी होती. तिचा नवरा महायुद्धावरून दाभणवाला चाकू घेऊन आला आणि पुढं जन्मभर तो उशाखाली ठेवून झोपला. तो गेल्यावर म्हातारीच्या बांगड्या संपल्या. तरी मामा तिच्या दारात थांबायचे, पाणी मागायचे. पेटी उघडायचे नाहीत, चाकूचं नाव काढायचे नाहीत. किती फेऱ्या असंच चाललं. शेवटी तिनंच चाकू आणून उंबऱ्यावर ठेवला.

“न्ह्या. रोज वाकाळ झाडताना हाताला लागतोय.”

मामांनी तो उचलून कानाला लावला. उघडला, मिटला.

“काय म्हनतोय?” म्हातारीनं विचारलं.

“लय दमलोय, म्हनतोय.”

म्हातारी हसली आणि आत निघून गेली, ती मामा जाईपर्यंत बाहेर आली नाही. पुढं तिच्या नातींना मामांनी लग्नापर्यंत बांगड्या भरल्या, आणि चाकूच्या बदल्यात म्हणून कधी काही घेतलं नाही.

शालनचंही सांगायला हवं. माझा मुलगा लष्करात. लग्न करून तो परत गेला आणि शालन माझ्याजवळ राहिली. ती आल्यावर मामांची पहिली फेरी झाली तेव्हाची गोष्ट. मामांनी गिरणीच्या पायरीवर चाकू मांडले होते. शालननं एक उचलून त्यानं खोबरं कापलं आणि परत देताना त्यांच्यापुढं हात केला. मामांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

“तुज्याशी मला भांडायचं न्हाई, पोरी. खाली ठेव.”

ती हसली. मामा हसले नाहीत. तिनं घाबरून चाकू खाली ठेवला आणि मग ते तिला एवढं लागलं की घरात विळीसुद्धा ती माझ्या हातात देईना. मी चिडायचे. ती म्हणायची, “आत्या, आपल्यात वाकडं यायला नगं.” चांगली सून मिळाली, असं बायका म्हणायच्या.

एकदा मीच मामांना तोंडावर विचारलं. “एवढं कसलं भ्या घेतलंय चाकूचं?”

तेव्हा त्यांनी भावाचं सांगितलं. बापाचं सांगलीला बांगड्यांचं दुकान. बाप गेल्यावर दोघं भाऊ दुकानात. बांगड्यांचं खोकं आलं होतं, त्याची सुतळी धाकट्यानं बापाच्या चाकूनं कापली आणि चाकू मामांकडे दिला. हातात. ह्यांनी घेतला. पुढं थोड्याच दिवसांत दोघांचं फाटलं. धाकटा दुकानात राहिला, हे पेटी घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून बोलणं नाही. बापाचा चाकू ह्यांच्या खिशात राहिला होता. पेटीतला पहिला चाकू तोच. तो ते कधी कानाला लावायचे नाहीत.

मी म्हणाले, “दुकान त्यानं ठेवून घेतलं आन् पेटी तुमच्या डोस्क्यावर दिली. त्यात चाकूनं काय केलं?”

मामांनी बोटानं पायरीवरचं पीठ पुसलं. मग म्हणाले, “आक्का, चाकूवर ढकललं की भाऊ चांगला ऱ्हातो.”

मला गप्प करणारी माणसं फार झाली नाहीत.

माझ्याकडेही एक चाकू होता. नवऱ्याचा, शिंगाच्या मुठीचा. पट्टा कापायला, सांध्याची दशी छाटायला तो वापरायचा. नवरा छातीत कळ येऊन गेला आणि गिरणी मी चालवायला घेतली. तेव्हा मामा आले, पायरीवर बसले, चहा प्यायले. माझा हात धरायचं आता त्यांना कारण नव्हतं. उठताना म्हणाले, “इंजनाला तेल येळेवर घालता न्हवं?” एवढंच. चाकू खिळ्याला लटकलेला त्यांना दिसत होता. पण त्यांनी मागितला नाही. मीच एकदा म्हणाले, “मी मेल्यावर न्या.”

“तवर गंजून जाईल की, आक्का. तुमी काय लवकर जाताय व्हय!”

त्या दिवशी दुपारी दळणाची गर्दी ओसरली होती. शेवटचे डबे राहिले होते, शालन आत जात्यापाशी होती. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी खिळ्यावरचा चाकू काढला, दारापाशी येऊन पायरीवर ठेवला आणि म्हणाले, “घ्या. जिवंत हाय तवरच घ्या.” मामांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मी पट्ट्याखालून वाकून परत जात्याकडे गेले. तसं जाऊ नये, पण आमची रोजची वाट तीच होती. दुसरी वाट बाहेरून इंजिनाच्या खोलीतून वळसा घालून येते, तेवढं कोण फिरणार?

मामांनी चाकू उचलून कानाशी नेला. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग उठून आत पट्ट्यापर्यंत आले आणि ओरडून म्हणाले, “आक्का, इंजन बंद करा की जरा! कायबी ऐकू येत न्हाई!”

मी वळले. हसत होते. “तुमच्या चाकूसाटी गिरणी बंद करू व्हय?” असं म्हणत वळले आणि कमरेला खोचलेला पदर सुटला. हसू तोंडावर तसंच होतं आणि गळ्याला पीळ बसला होता.

मग ते झालं. मामांनी चाकू पुढं केला. शालन म्हणाली, खाली ठेवा. मामांनी ठेवला. चाकू पट्ट्याखाली गेला.

मी मामांचा चेहरा बघत होते. आपण काय केलं हे त्यांना त्या क्षणी कळलं. डोळे असे झाले की मला माझ्या गळ्याचा विसर पडावा. ते वेळ घालवायला थांबले नाहीत. जमिनीवर आडवे झाले. तो ताठ मानेचा माणूस पिठात गाल टेकून आडवा झाला आणि पळत्या पट्ट्याखालून उजवा हात आत घातला. चाकू सापडला. हात तसाच पुढं लोटून त्यांनी चाकू शालनच्या पायाशी नेला आणि वर धरला, मूठ तिच्याकडे करून.

शालन हलली नाही. दोन्ही हात छातीशी धरून उभी.

मामा ओरडले नाहीत. बांगडी भरतानाचा जो आवाज होता त्याच आवाजात म्हणाले, “हात सैल सोड, पोरी. हात तुजा न्हाईच, असं समज.”

इंजिनाच्या त्या गोंगाटात मला ते कसं ऐकू आलं, सांगता येत नाही. तिलाही आलं. तिचा हात खाली आला. बोटं जुळलेली, सैल, बांगडीला पुढं करतात तशी. मामांनी चाकूची मूठ तिच्या तळव्यात ठेवली आणि आपल्या हातानं तिची बोटं मिटवली. मग ती वळली आणि तिनं माझा पदर कापला. दोनदा ओढावा लागला. मी जात्याखाली पडले.

मामा हात मागं घेत होते. पट्ट्याचा सांधा तारेचा असतो. त्या तारेत त्यांच्या सदऱ्याची बाही अडकली आणि पट्ट्यानं हात पुलीपर्यंत नेला. मग पट्टा उतरला. बाहेरून एक माणूस धावत येऊन इंजिन बंद करेपर्यंत ते नुसतंच मोकळं पळत होतं.

कुणी ओरडलं नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. मी खोकत होते. शालन चाकू धरून उभी होती. मामा भिंतीला टेकून बसले होते आणि ज्या हातानं त्यांनी गावच्या बायकांना बांगड्या भरल्या, त्या हाताला तीन बोटं नव्हती. पीठ लाल झालं होतं.

पहिलं बोलले ते मामाच. शालनकडे बघून म्हणाले, “आता तुज्या-माज्यात वाकडं यायचं, पोरी.” आणि मग म्हणाले, “येऊ दे.”

गावानं जखमेत हळद दाबली. माझ्याच कापलेल्या पदरानं हात बांधला. उसाच्या ट्रकमधून त्यांना कोरेगावला नेलं, तिथं नीट पट्टी झाली. नंतर मी त्यांना आमच्याच घरी ठेवून घेतलं. हाताची जखम सुकायला लागली होती. डाव्या हातानं आणि दातानं ते चाकू उघडायचे, कानाला लावायचे. शालन त्यांना भरवायची. ती भीत होती, म्हणून मामा मुद्दाम तिच्याशी जास्तच बोलायचे. “बग, बोलतोय न्हवं तुज्याशी? कुटं आलंय वाकडं? शेवटपर्यंत बोलीन.” ती हसायला लागली होती.

एका सकाळी त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली. “जबडा धरलाय, आक्का. तोंड उगडत न्हाई.” मला वाटलं गारठा लागला. सुंठ उगाळून लावली. दुपारी पाठ ताठ झाली, तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. खोलीत अंधार केला. म्हणाले, आवाज करू नका, हात लावू नका. हात लावला तर अंगाची कमान होते.

शालन दारातून म्हणाली, “मामा.” त्यांनी डोळे वळवले. दातावर दात बसलेले. तोंडातून शब्द आला नाही.

ती बाहेर येऊन भिंतीशी बसली. “आत्या, मामा माज्याशी बोलत न्हाईत.”

“येडे, आजार हाय त्यो. तोंड उगडत न्हाई त्येंचं.”

“हातात घेतला म्हनून.”

“कुनाशीच बोलत न्हाईत!”

“माज्याशी तर बोलत हुते की. शेवटपर्यंत बोलीन म्हनले हुते.”

मी तिला चार शब्द सुनावले. तिनं ऐकले आणि एकही घेतला नाही.

सांगलीला मी तार केली होती. दुसऱ्या दिवशी भाऊ एसटीनं आला. धाकटा, अंगानं भरलेला, दुकानात बसून पोट सुटलेला. पण मान तीच, ताठ. जन्मात त्यानं डोक्यावर पेटी घेतली नव्हती. म्हणजे मामांची मान पेटीनं ताठ झाली नव्हती. घरचीच होती.

तो खाटेजवळ उभा राहिला. “दादा,” म्हणाला. मामांचे डोळे उघडे होते.

“दादा, बोल की. आलोय न्हवं मी आता.”

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. इतकी वर्षं बोलायचं नव्हतं म्हणून बोलले नाहीत, आणि आता एकाला बोलता येत नव्हतं. मामांचा उजवा हात पट्टीत होता. डावी मूठ खाटेवर आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. भावानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. डॉक्टरांचं त्यानं ऐकलं होतं. हात न लावता तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला, “हात सैल सोड, दादा. हात तुजा न्हाईच, असं समज.”

तेव्हा मला कळलं की ते बोलणं मामांचं नव्हतं. त्यांच्या बापाचं होतं. दोघंही तेच बोलून आयुष्यभर बांगड्या भरत होते, एक सांगलीत, एक आमच्याकडे.

मूठ उघडली नाही. उघडली असं मी सांगणार नाही. दुसऱ्या सकाळी मामा गेले.

सगळं उरकल्यावर भाऊ आमच्या घरी पेटी न्यायला आला. वरच्या बांगड्या काढून त्यानं एक एक फडकं सोडलं. बापाचा चाकू सापडला तेव्हा तो तिथंच अंगणात खाली बसला.

“ह्यो अजून हाय?”

“पयला त्योच,” मी म्हणाले.

“माज्याबद्दल काय बोलायचा?”

मी कुणाचं मन राखायला बोलत नाही. पण हे खरंच होतं, म्हणून सांगितलं. “म्हनायचे, चाकूवर ढकललं की भाऊ चांगला ऱ्हातो.”

तो माणूस पेटीवर कपाळ टेकून बसला. मी आत जाऊन चहा टाकला. दुसरं काय करणार?

तो उठला तेव्हा मी नवऱ्याचा चाकू आणला. तो मामांना दिलेला होता, पेटीतच जायला हवा होता. खाली ठेवायला मी वाकले. शालननं तो माझ्या हातातून घेतला. ती आल्यापासून आमच्या घरात तसं कधी झालं नव्हतं. तिनं तो सरळ भावापुढं धरला.

“हातात घ्या,” म्हणाली.

भावानं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग घेतला.

आमच्या सासू-सुनेत वाकडं आलं का, असं बायका पुढं विचारायच्या. शालन आता स्वतः आजी आहे. गिरणी माझा नातू चालवतो, विजेवर, आणि पट्ट्याला जाळी आहे. ती खाली ठेवा म्हणाली हे मी आजवर बाहेर कुणाला बोलले नव्हते. कुणी विचारलं तर सांगायचे, पट्टा वाईट, पट्ट्यानं नेलं. हे लिहायला घेतलं तेव्हा तीच म्हणाली, आत्या, झालं तसं लिहा.

झालं ते असं. त्या दुपारी पट्ट्याजवळ आम्ही तिघं होतो. मी जगले. शालन जगली.